गिळलेली रिंग

नवा बटणाचा फोन हातात आला की माणूस आधी तो बघत नाही, तळहातावर ठेवून त्याचं वजन करतो. मग तोंड वाकडं करून म्हणतो, "लई हलका हाय." औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली गिऱ्हाइकाच्या आधी मीच म्हणून टाकते. हलकाच आहे, दादा. जड हवा असेल तर शेजारी तराजूची वजनं मिळतात. पुढं बोला.

पुढं म्हणजे टॉर्च. भर दुपारी टॉर्च लावायचा आणि छतावर, कोपऱ्यात, शेवटी माझ्या तोंडावर मारून बघायचा. त्या गडबडीत बोट कुठल्यातरी आकड्यावर पडतं आणि फोन बाईच्या आवाजात "पाच!" असं ओरडतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय असते, आणि चांगली असते. पण कुणी आधी सांगितलेलं नसतं. माणूस दचकतो, फोन हातातून सुटतो. म्हणून काउंटरवर मी सतरंजीची घडी अंथरून ठेवली आहे. नवीन माणसाला वाटतं, बाई इस्त्रीचं दुकान चालवते.

हा धंदा माझ्याकडे मिस्टरांकडून आला. त्यांचा एसटीडीचा बूथ होता. आत लोक रडायचे, भांडायचे, लग्नं जमवायचे, आणि हे बाहेर स्टुलावर निवांत पेपर वाचत बसायचे. इतका शांत माणूस मी पाहिलेला नाही. ते अचानक गेले आणि त्या स्टुलावर मी बसले. बसले म्हणजे काय, मला बसता येतच नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाखाली विस्तव आहे. गिऱ्हाईक खिशातून चिठ्ठी काढेपर्यंत माझे चार हेलपाटे होतात. खरं तर हे काम धीराच्या माणसाचं, आणि आयुष्यभर करावं लागलं ते मला. पुढं बूथ गेला, रिचार्जची कूपनं आली, तीही गेली. आमच्या गल्लीत आता सगळे कव्हर आणि काचा विकतात. मी बटणाचे फोन धरून बसले आहे. नातेवाईक हसतात. हसू देत.

आता हे फोन घेतं कोण, असं सगळे विचारतात. वाळूजच्या कारखान्यांतले कामगार घेतात, कारण काही ठिकाणी कॅमेऱ्याचा फोन गेटच्या आत नेऊ देत नाहीत. म्हातारी माणसं घेतात. मुलांनी दिलेल्या मोठ्या फोनला बोट लावलं की काहीतरी भलतंच उघडतं आणि नातवंडं खेकसतात, त्याला कंटाळून ती माझ्याकडे येतात. आणि स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली घेतात. नांदेडकडची एक मुलगी आली होती. साधा फोन घेतला आणि स्वतःचा मोठा फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, परीक्षा होईपर्यंत तुमच्या कपाटात ठेवा. मी रडले तरी देऊ नका." दुसऱ्या दिवशी हजर. "द्या म्हणत नाही, फक्त नीट आहे का ते बघायचंय." तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरायला लागले. शेवटी ती खरंच रडली, मी खरंच दिला नाही, आणि तिच्या मैत्रिणींनी गल्लीभर मला हिटलर केलं. पास झाली की नाही माहीत नाही. फोन मात्र न्यायला आली तेव्हा हसत होती.

फोन विकणं हा या धंद्याचा सोपा भाग आहे. खरं काम पुढं असतं. माणसाला अक्षर येत नसेल तर नाव सेव्ह करून काय उपयोग? मग एकेका माणसाला एकेक बटण द्यायचं. दोन दाबून धरलं की मुलगा, तीन दाबून धरलं की दवाखाना. काहीजण नाव नाही, जागा लक्षात ठेवतात; हिरवं बटण, मग खाली तीनदा, म्हणजे जावई. फोन बदलला की ती जागा सरकते आणि जावयाऐवजी दूधवाल्याशी बोलणं होतं. एका आजींनी दूधवाल्याला दिवाळसणाचं आमंत्रण दिलं होतं आणि तो गेलाही होता. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोक्यातून काढून नव्या यंत्रात बसवायचं असतं, आणि ते काढायला नीट प्रश्न विचारावे लागतात. मी बऱ्यापैकी विचारते, असं मला वाटायचं.

लिंबाजीमामा आले ती दुपार लख्ख आठवते. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, उन्हानं रापलेला, डोक्याला लाल फेटा आणि अंगावर वॉचमनचा निळा शर्ट. चिकलठाण्याला नव्या इमारती उठताहेत, तिथं ते रात्रपाळीला पहारा करत. बायको गयाबाई, मुलगा अंकुश आणि सून सीमा मेंढरं घेऊन रानोरान. आज या गावच्या शिवारात कापडी पाल ठोकायचं, थोड्या दिवसांनी पुढच्या. मामांनी हातरुमालात बांधलेला जुना फोन सोडून माझ्यापुढं ठेवला. त्याची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती.

"ताई, ह्यो मेला का बगा."

"मेला नाही मामा. याला चालणारं जुनं नेटवर्क आता मिळत नाही. कधी येईल रेंज, कधी नाही."

"मंग ह्यो चांगला आसून बी बिनकामाचा?"

"तसंच समजा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते नेटवर्क मीच बंद केलं होतं. मग नवा फोन घेतला. आधी वजन. "हलका हाय." मग टॉर्च, टॉर्च मात्र पसंत पडला. बटणं कडक वाटली. फोन "सात!" म्हणून ओरडला तेव्हा ते दचकले नाहीत. फोन डोळ्यांसमोर धरून त्यांनी मला विचारलं, "ह्यो कामून बोलतोय? म्या तर त्याला कायच इचारलं नाय."

मला हसू आवरेना. जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं, भाषा मराठी केली, तारीख-वेळ लावली. मामा स्टुलावर अवघडून बसले होते. नावं उतरवायला मी सुरुवात करणार, तेवढ्यात माझ्या हातातला नवा फोन वाजला. एकदाच वाजला आणि थांबला. अशा अर्धवट रिंगा दिवसभर येतात, मी लक्ष दिलं नाही. मामा मात्र स्टुलावरून उठले होते.

"कितीदा वाजला?"

"एकदाच. कंपनीवाले असतील."

"नंबर कुनाचा हाय बगा. शेवटाला कोनते आकडे हायती?"

मी शेवटचे आकडे वाचले. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"गयाचा हाय. येकच वाजला? नीट आठवा ताई. येकच?"

मग त्यांनी उभ्याउभ्या, तुटक तुटक जे सांगितलं ते असं. त्यांच्या घरात फोन बोलायला नसतो, वाजवायला असतो. पूर्वी बॅलन्स जपायचा म्हणून ही पद्धत पडली, आणि नंतर तीच राहिली. पाल पडलं की गयाबाई रेंज बघून एखाद्या टेकाडावर चढते आणि दोन रिंगा देऊन कापते. दोन म्हणजे मुक्कामाला टेकलो, सगळं बरं आहे. मामांनी इकडून एक रिंग उलटी द्यायची, म्हणजे कळलं. ती आली की गयाबाई खाली उतरते. पण तिकडून एकच रिंग आली, तर काहीतरी बिघडलंय. असशील तसा निघ.

"सुनंला नववा म्हैना लागलाय," मामा म्हणाले. "मागच्या खेपंला बी अशीच येक रिंग आलती. म्या म्हनलं, चुकून कटली आसंल, पुन्ना लागंल. बसलो हितंच. सकाळी गेलो तवा लेकरू गेलं व्हतं. सून वाचली. तवापासून ठरलंय, येक वाजली की इचारत बसायचं नाय."

मी लगेच त्यांच्याच फोनवरून तो नंबर लावला. पलीकडचा फोन दुसऱ्या कॉलवर व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

"दुसऱ्या कुनाला लावती," मामा म्हणाले. "गाडीला लावत आसंल. दवाखान्याच्या गाडीला."

तिसऱ्यांदा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. अंकुशचा नंबर विचारला, तर अंकुशकडे फोनच नव्हता; सगळ्या पालात मिळून एकच फोन. शेजारच्या टपरीत रफिकभाई मोबाईल दुरुस्त करतात. आवाज ऐकून ते उठून आले. "मामू, इत्ता टेन्शन नक्को लो. जरा रुको, फिर से लगाते ना," असं ते म्हणाले. पण ज्याला थांबण्याची एवढी शिक्षा मिळाली आहे त्याला जरा थांबा कसं सांगायचं? पाल सिल्लोडच्या अलीकडे कुठंतरी होतं. मामांनी खोकं, चार्जर, जुना फोन सगळं तिथंच टाकलं आणि फक्त नवा फोन खिशात घालून ते निघाले. दारात एकदा थबकले. "पाळीला न्हाई गेलो तर सुपरवायजर काढून टाकंल," असं स्वतःशीच म्हणाले आणि गेले.

ते गेले आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. सतरंजी झटकली, परत घडी घातली. एका बाईला चार्जर हवा होता, तिच्यावर उगाच खेकसले. फोनच्या धंद्यात इतकी वर्षं काढून माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस घाबरून पळत सुटला होता, आणि मला त्याच्या बायकोशी दोन शब्द बोलणं जमवता आलं नव्हतं. मग ही यंत्रं विकतो तरी कशाला आपण? आणि त्यातच मनात काहीतरी खुपत होतं. तो फोन माझ्या हातात असताना वाजला होता. आधी पडद्यावर उजेड झाला. मग तो क्षणभर गप्प. मग वाजला. जुने फोन असं करत नाहीत. कॉल आला की तिथल्या तिथं बोंब मारतात.

त्याच जातीचा एक फोन मी दाखवायला काउंटरवर ठेवलेला असतो. तो पुढं ओढला.

"रफिकभाई, इसपे रिंग मारो. आपके कान में दो बार बजे तो काट देना."

रफिकभाईंनी फोन कानाला लावला. "एक... दो... काटा."

माझ्या हातातला फोन एकदाच वाजला.

"फिर से. अब एकच बार बजने दो."

त्यांनी एकदा वाजू दिला आणि कापला. इकडे पडद्यावर उजेड आला आणि गेला. आवाज नाहीच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हा नवा फोन कॉल आला की आधी नाव-नंबर शोधत बसतो, मग तोंड उघडतो. तेवढ्यात पहिली रिंग गिळलेली असते. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या माणसाला यानं काही फरक पडत नाही. पण गयाबाई मोजते ती तिच्या कानातली रिंग, आणि मामा मोजतात ती खिशातली. जुन्या दोन फोनांत त्या जुळत होत्या. आता जुळत नव्हत्या. तिकडून दोन आल्या होत्या. सगळं बरं होतं!

आणि उलटी रिंग गेली नाही, म्हणून तीही इकडे लावत होती. इकडून आम्ही तिला लावत होतो, तिकडून ती मामांना, म्हणून दोन्हीकडे व्यस्त. रफिकभाईंनी कपाळावर हात मारला.

सिम बदलताना मामांचा नंबर वहीत लिहून घेतला होता, तो लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला वाटलं, अनोळखी नंबर म्हणून उचलत नसतील. तेव्हा रफिकभाई म्हणाले, "भाभी, उनको मालूमच नै होंगा उनका फोन बज रहा. टोन नवी है ना." अगदी बरोबर. नव्या फोनची धून आपली वाटायला वेळ लागतो. तोवर खिशात फोन कोकलत असतो आणि माणूस दुसऱ्याच्या खिशाकडे बघतो. दुकान रफिकभाईंवर टाकलं, स्कूटी काढली आणि समर्थनगरच्या रस्त्यानं बसस्थानकाकडे निघाले. वाटेत किती जणांना शिव्या दिल्या ते लिहीत नाही. हा दिवाळी अंक आहे.

बसस्थानकावर सिल्लोडकडे जाणारी गाडी फलाटाला लागली होती. माणसं खच्चून भरलेली, ड्रायव्हरचा पत्ता नाही. मी खिडक्यांखालून फोन लावत चालले. मधल्या एका खिडकीतून ती धून ऐकू आली. वर बघितलं तर सगळी बस मामांकडे बघत होती आणि मामा बाहेर.

"ओ बाबा, तुमचाच वाजतोय ना," शेजारची बाई म्हणत होती.

"माझा न्हाई," मामा म्हणाले. "माझा असा वाजत न्हाई."

"मामा!" मी खालून ओरडले. "उतरा आधी. दोन रिंगा होत्या. दोन!"

ते दारापर्यंत आले, पण खाली काही उतरले नाहीत. एक पाय पायरीवर, एक आत. मी धापा टाकत सांगायला लागले, आणि जितकं भराभर सांगत होते तितका गोंधळ होत होता. शेवटी म्हटलं, बोलणं पुरे. माझा फोन त्यांच्या कानाला लावला आणि त्यांचा त्यांच्याच हातात दिला.

"हा माझा फोन म्हणजे गयाबाईंचा, असं समजा. कानात किती वाजते ते मोजा, आणि हातात किती वाजते तेही मोजा."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. कानात दोनदा, हातात एकदा. मी परत केलं. कानात एकदा, हातात काहीच नाही. मामांनी डोळे उघडले. ते हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"म्हंजे ह्यो मधल्यामधी खातो?"

"खातो. पहिली रिंग खातो."

"आन् तिनं दोनच दिल्या आसतील?"

"एक दिली असती तर तुम्हाला काहीच ऐकू आलं नसतं."

हे त्यांना पटलं. पटलं तरी पाय काही हलेना. कंडक्टर तिकिटं फाडत दाराशी आला आणि वैतागला, "बाबा, चढा नाय तर उतरा. दारात काय खांब रोवलाय व्हय?"

"ताई," मामा हळू म्हणाले, "तुमी म्हंता ते खरं आसंल. पन मागं बी म्या आसंच म्हनलं व्हतं. काय नसंल म्हनून."

यंत्राचं मी सांगू शकत होते, त्यापुढचं नाही. आणि तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन उजळला. मी बघत होते म्हणून कळलं. आवाज यायचा होता अजून. ती दोन रिंगा देऊन कापणार आणि पुन्हा टेकाडावरून उतरणार, हे डोक्यात आलं आणि मी झडप घालून हिरवं बटण दाबलं.

"हॅलो! हॅलो, गयाबाई, कापू नका!"

पलीकडे वारा आणि कुत्र्याचं भुंकणं. मग एक कणखर आवाज आला. "कोन बया तू? माज्या मानसाचा फोन तुज्याकडं कसा?"

"मी दुकानातली. मामा इथंच आहेत. सून कशी आहे?"

"सुनंला काय धाड भरली? भाकरी खाती हाय. ह्यांना काय झालंय ते सांग. कवाच्या दोन दिल्या, उलटी येकबी न्हाई. लावते तर लागत न्हाई. दोनदा टेकाड चढून आले म्या."

मी फोन मामांच्या कानाला लावला. "बोला."

मामांनी फोन धरला आणि गप्प उभे राहिले. मला कळेना, आता काय झालं. मग लक्षात आलं, यांना फोनवर बोलायची सवयच नाही. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकमेकांना फोन करत होते, आणि बोललेले मात्र फारच कमी वेळा.

"गया," शेवटी ते म्हणाले.

"हं."

ती इतकी मोठ्यानं बोलत होती, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. बसचं दार, कंडक्टर, शेजारची बाई, सगळे कान देऊन.

"समदं बरं हाय ना?"

"बरं हाय की. दोन दिल्या नव्हत्या का?"

"व्हय. दिल्या व्हत्या."

पलीकडे कुत्रं भुंकतच होतं. एवढ्यात ड्रायव्हर आला, त्यानं त्याच्या बाजूचं दार आपटलं, गाडी सुरू झाली आणि दाराचे पत्रे थडथडायला लागले. कंडक्टर मामांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "उतरता ना आता? बरं हाय म्हनती ना मालकीन?"

मामांनी पायरीवरचा पाय खाली टाकला. मला हायसं वाटलं. पाळीला वेळेवर पोहोचतील, नोकरी राहील. फोन कानाला तसाच धरून ते म्हणाले, "बरं मंग. ठिवतो."

"थांबा," पलीकडून आवाज आला.

आता तो कणखर राहिला नव्हता.

"काय गं?"

"काय न्हाई. समदं बरंच हाय. पन मला लई भ्या वाटतंय. पोरीकडं बगितलं की मागचंच ध्यानात येतंय. राती डोळ्याला डोळा लागत न्हाई. हे सांगाया काय वाजवू, मला कळंना. दोन द्यावं तर बरं न्हाई मनाला, आन् येक द्यावी आसं काय झालं न्हाई."

बस घरघरत होती. मामा बसकडे पाठ करून उभे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, हललेसुद्धा नाही.

"मंग म्या येऊ का?" ते म्हणाले.

"या."

मामा वळले आणि बसमध्ये चढले. चढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते काय विचारणार हे मला कळलं. "सुपरवायजरचं मी बघते," मी म्हणाले. "तुम्ही बसा." सुपरवायजरचा नंबर माझ्याकडे नव्हता. चिकलठाण्याच्या कुठल्या इमारतीवर ते काम करतात तेही मी विचारलं नव्हतं. ते सगळं मी नंतर शोधून काढलं, त्या माणसाशी भांडलेही, आणि माझ्या भांडण्यानं काहीएक झालं नाही. त्यांच्या जागी दुसरा वॉचमन आला. पण तेव्हा ड्रायव्हर बस मागं घेत होता आणि मी फलाटावर उभी होते.

मधल्या खिडकीत लाल फेटा दिसला. मामांनी फोन कानाला लावलेलाच होता. बोलत ते नव्हते, आणि तीही बोलत नसावी. पण दोघांपैकी कुणीही कापला नव्हता. बस फाटकातून वळून दिसेनाशी झाली, तेव्हाही तो कानालाच होता.